दातांचं सोडा, होल सांगा

यामाहाची आरएक्स हंड्रेड १९८५ साली आपल्याकडे आली आणि १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. एवढ्या काळात जितक्या गाड्या रस्त्यावर उतरल्या असतील, त्याच्या निदान दसपट माणसं आज “माझ्याकडे आरएक्स होती” असं छातीवर हात ठेवून सांगतात. ही गाडी कुठंही उभी करा, टपरीवर, पंपावर, अगदी वैकुंठ स्मशानभूमीबाहेर. चाळिशी उलटलेला एक तरी गृहस्थ तिला प्रदक्षिणा घालायला लागतोच. आधी टाकीवरून हात फिरवतो. मग “मेड इन जपान आहे का?” असं पुटपुटत सिलिंडर बघायला वाकतो. पोट आड येतं, तरी वाकतो. सरळ झाला की विचारतो, “मागं किती दातांचं टाकलंय?” म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या मागच्या चक्राला, गॅरेजच्या भाषेत सॉकेटला, दात किती.

त्याला उत्तर नको असतं. त्याला स्वतःचा आकडा सांगायचा असतो.

माझ्या भाच्यानं सातारा भागातून अशी एक आरएक्स उचलली. १९९१ सालची. ‘उचलली’ हा त्याचा शब्द. किंमत ऐकल्यावर माझ्या बहिणीनं वेगळा शब्द वापरला. गाडी ‘फुल मॉडिफाय’ होती. म्हणजे टाकी आरएक्सची, कागदपत्रं आरएक्सची, इंजिनही आरएक्सचंच पण पोर्टिंग करून घेतलेलं, हँडल एका गाडीचं, शॉकअप दुसऱ्या गाडीचे आणि मागचं चाक सतरा इंची अलॉय, डिस्क ब्रेकसकट. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीत लिहिलेल्या, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असे फेरफार करता येत नाहीत. चौकातल्या हवालदाराचं लक्ष मात्र सायलेन्सरवर असतं. मागचे दात मोजायला अजून तरी कोणी खाली बसलेलं मी पाहिलेलं नाही.

हे मागचं चाक कोणत्या गाडीचं, ते विकणाऱ्याला माहीत नव्हतं. त्याला ज्यानं विकली त्याचा नंबर बंद होता. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. त्या यादीत मॉडिफाय केलेल्या गाडीचं मागचं चाक घालायला हरकत नाही.

गाडी घरी आली आणि थोड्याच दिवसांत चेन दात सोडायला लागली. चढावर अॅक्सिलेटर पिळला की मागून ‘कडाड्’ असा आवाज यायचा आणि गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये गेल्यासारखी मोकळी पडायची. आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी गाडी मेनस्टँडला लावली, मागच्या टोकाला चेन चिमटीत धरली आणि ओढली. नवी चेन अशी ओढली तर जागची हलत नाही. ही अर्धा दात उघडा पडेल इतकी बाहेर आली. मग त्यांनी बॅटरी मारून दात दाखवले. सगळे एका बाजूला कललेले, टोकं इतकी निमुळती झालेली की बोट फिरवलं असतं तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं असतं.

“चेन-सॉकेट संपलं,” मिस्त्री म्हणाले. “पुढचं मिळंल. चेन मिळंल. मागचं…” आणि वाक्य तिथंच सोडून त्यांनी दुसऱ्या गाडीचा प्लग खोलायला घेतला.

वास्तविक काम साधं होतं. जुन्या चक्राचे दात मोजा आणि तेवढ्याच दातांचं नवं आणा. पण आपल्याकडे प्रश्न उभा राहिला की तो सोडवायच्या आधी त्यावर बैठक बसते, आणि बैठकीला दातांसारखा सोयीचा विषय नाही. त्यात आकडा असतो, मत असतं आणि पुरावा लगेच कोणी मागत नाही. पुढं चौदा दात होते, मागं बेचाळीस. पुढचं चक्र तीनदा फिरलं की मागचं चाक एकदा फिरणार. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं.

पुढचं ज्ञानही तसं सगळ्यांना असतं. मागं दात वाढवले की पिकअप मिळतो, कमी केले की टॉप मिळतो. बेचाळीसचे छत्तीस केलेत तर इंजिन जेवढं ओरडत असताना साठनं जायचात, तेवढ्याच ओरडण्यात सत्तरनं जाल. फक्त तिथवर पोचायला गाडीच्या जिवावर येतं आणि कात्रजच्या घाटात डबलसीट असाल तर मागच्याला “जरा उतर रे” म्हणायची पाळी येते. उलट दात वाढवले की गाडी सिग्नलवरून उसळते आणि लगेच पुढच्या गिअरसाठी किंचाळायला लागते. आरएक्सला गिअर चारच. ते संपले की नुसतं किंचाळणं उरतं.

हे झालं शास्त्र. पण आकडा सांगणारा माणूस शास्त्रातून बोलत नाही, स्वतःच्या वयातून बोलतो. भाच्याचे मित्र सगळे पंचवीसच्या आतले. त्यांचा लिलाव त्रेचाळीसपासून सुरू झाला आणि सेहेचाळीसपर्यंत चढला. “एफसी रोडला सिग्नलवरनं सुटली पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं. सुटून जाणार कुठं, तर पुढच्या सिग्नलला. पण हे विचारायचं नसतं. चाळिशीतली मंडळी एकोणचाळीसवर ठाम होती. त्यांना साताऱ्यापर्यंत हायवेनं निवांत जायचं होतं आणि परत येताना कमरेत उसण भरून घ्यायची नव्हती. सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी दातांचा विषय कानावर पडताच एवढंच विचारलं, “देते किती?” पोर्टिंग केलेल्या टू-स्ट्रोक गाडीच्या अॅव्हरेजचा विषय वडीलधाऱ्यांसमोर काढू नये. भाच्यानं खरा आकडा सांगितला. काका जिन्याचा कठडा धरून थोडा वेळ उभे राहिले. मग “पस्तीस टाक, पस्तीस,” असं म्हणून वर निघून गेले.

एक बुलेटवाला होता, त्याला या चर्चेची गंमत वाटत होती. जुन्या बुलेटचं मागचं चक्र आणि ब्रेकचा ड्रम हे एकसंध असतात. दात अडतीस, ते कंपनीनंच ठरवलेले. झिजले की ड्रमसकट सगळं बदलायचं. गिअरिंगशी खेळायचं असेल तर पुढचं चक्र बदला, मागच्याच्या नादी लागू नका. “आमच्यात मतभेदाला जागाच ठेवलेली नाही,” तो म्हणाला. एवढ्या अभिमानानं हे सांगायचं कारण मला समजलं नाही. पण बुलेटवाले एकूणच कारणाशिवाय अभिमानानं सांगतात.

आणि प्रत्येक बैठकीत असतो तसा एकजण होताच, जो शांतपणे म्हणाला, “मागचं कशाला बदलताय? पुढं एक दात वाढवा.” हा माणूस बरोबर असतो, म्हणून तो कोणाला आवडत नाही. पुढं चौदाचे पंधरा केले की मागचे बेचाळीस जवळजवळ एकोणचाळीससारखे वागतात. पुढचं चक्र लहान आणि स्वस्त, डावं कव्हर काढलं की हाताशी. पण आमचं मागचं चक्र मुळात झिजून गेलेलं असल्यामुळे त्याच्या बरोबर असण्याचा आम्हाला काहीच उपयोग नव्हता.

हा सगळा गोंधळ निकालात काढला तिसऱ्या मजल्यावरच्या सरांनी. आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस कशाची वाट बघत असतो ते त्या दिवशी समजलं.

“चेनच्या कड्या किती?” सरांनी विचारलं.

“एकशे बारा.”

“एकशे बारा आणि बेचाळीस? अरे, म.सा.वि. चौदा!” हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की भाच्यानं घाबरून गाडीकडे बघितलं.

सरांचं म्हणणं खरं होतं, हे आधी नोंदवतो. चेनच्या कड्या नेहमी सम संख्येत असतात, कारण एक आतली आणि एक बाहेरची अशी जोडी लागते; विषम हवी तर मध्ये अर्धी कडी घालावी लागते आणि तिचा भरवसा कोणी देत नाही. आता कड्या ११२ आणि दात ४२ असले, तर मागच्या एका दाताच्या वाट्याला सगळ्या चेनमधल्या आठच कड्या येतात, पुन्हा पुन्हा त्याच. त्यातली एखादी खराब असेल तर ती ठरावीक दातांनाच खात बसते. पुढची तर आणखी गंमत. ११२ला चौदानं पूर्ण भाग जातो, त्यामुळे जी कडी पहिल्या दिवशी पुढच्या ज्या दातावर बसली, ती शेवटपर्यंत त्याच दातावर. पण मागं ३९ दात घेतले, तर ११२ आणि ३९ यांचा सामाईक विभाजक एकच, तोही एकच. प्रत्येक दाताला आळीपाळीनं प्रत्येक कडी भेटते आणि झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. “समजा विषम दात घेतले,” असं म्हणत सर पार्किंगच्या भिंतीकडे खडू घेऊन वळले तेव्हा सेक्रेटरी मध्ये पडले.

अशा रीतीनं एकोणचाळीसवर शिक्कामोर्तब झालं. चाळिशीवाल्यांना आपला आकडा गणितानं सिद्ध झाल्याचा आनंद झाला. आम्ही पुण्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारात, नाना पेठेत गेलो.

आणि इथं घोड्यानं पेंड खाल्ली.

“आरएक्सचं मागचं सॉकेट. एकोणचाळीस दात,” मी काउंटरवर सांगितलं, बैठकीचा ठराव वाचून दाखवावा तसा.

“आरएक्सचं किटच देतो ना. पुढचं, मागचं, चेन, सगळं एका खोक्यात. रोलॉन देऊ का डायमंड?”

“चाक आरएक्सचं नाही.”

“मग कशाचं?”

“तेच माहीत नाही.”

दुकानदाराचा खोक्याकडे गेलेला हात परत आला. मागं रांगेत उभ्या असलेल्या पोरानं मान पुढं काढून भाच्याकडे सहानुभूतीनं बघितलं.

“दातांचं सोडा हो,” दुकानदार म्हणाला. “होल सांगा. किती होल? मध्यावर किती? सेंटर किती?”

दातांवर एवढी डोकी खपली, भोकांचा विचार एकाही डोक्यात आला नव्हता. वस्तुस्थिती अशी, की चेन जुळवणं सगळ्यात सोपं. ४२८ नंबरची चेन म्हणजे पहिला आकडा चार, म्हणजे दोन कड्यांमधलं अंतर इंचाचे चार अष्टमांश, अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. ते जुळलं की दात पस्तीस घ्या नाहीतर पंचेचाळीस, चेन तक्रार करत नाही. पण चक्र चाकाच्या हबवर बसायला हवं. बोल्ट चार की सहा, त्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास किती, मधल्या मोठ्या भोकाचा व्यास किती, चकती हबवरून किती आत किंवा बाहेर बसते, यातलं एक माप चुकलं की तुमचे सिद्ध केलेले एकोणचाळीस दात खिळ्याला अडकवून ठेवायचे.

बोल्टांचं वर्तुळ मोजायची युक्ती मात्र छान आहे. समोरासमोरची दोन भोकं घ्यायची आणि एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजायचं. दोन्हीकडे डावीच कड धरली की मध्यबिंदू शोधत बसावं लागत नाही. चार किंवा सहा भोकं असतील तर हे जमतं. पाच असतील तर समोर भोकच नसतं आणि परत सरांकडे जावं लागतं. आमच्या नशिबानं सहा होती.

भाच्यानं दुसरीच शक्कल काढली. संपलेल्या महिन्याचं कालनिर्णयचं पान हबवर दाबून धरलं आणि ग्रीसच्या अंगठ्यानं वरून घासून भोकांचा ठसा घेतला. ठसा झकास उठला. दुकानदारानं तो उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा फिरवला.

“संकष्टीवर एक होल आलंय,” तो म्हणाला. “एक बरोबर अमावास्येवर. असं नाही कळत. चाक घेऊन या.”

‘चाक घेऊन या’ हे स्पेअर पार्टच्या धंद्यातलं अंतिम वाक्य आहे. त्यापुढं अपील नाही. आम्ही चाक सोडवलं, टायरसकट, आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसलो. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं. क्वार्टर गेटच्या सिग्नलला न राहवून मागं वळला. “आरएक्सला टाकलंय? वाटलंच. माझ्याकडे पण होती. मागं किती दात?” त्याचा आकडा अडतीस निघाला. मीटर त्यानं प्रामाणिकपणे टाकलं होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

काउंटरवर चाक ठेवताच दुकानात असतील नसतील तेवढे लोक जमा झाले. एकानं छातीठोकपणे सांगितलं, पल्सरचं. दुसऱ्यानं शपथेवर सांगितलं, अपाचेचं. तिसरा म्हणाला युनिकॉर्नचं, आणि नसेल तर मिशा उतरवीन. प्रत्येकाच्या सांगण्याप्रमाणे त्या त्या गाडीचं चक्र खाली उतरवून ठेवून बघितलं. एकाचा मधला व्यास जुळायचा आणि होल फसायचे. दुसऱ्याचे दोन होल बसायचे आणि बाकीचे चार रुसायचे. शेवटी आतल्या बाजूला जमाखर्च लिहीत बसलेले म्हातारे शेठ उठले, चष्मा कपाळावर चढवला आणि हबच्या तोंडाशी बॅटरी धरली.

“हे बघा,” त्यांनी नखानं दाखवलं. भोकांच्या शेजारी अॅल्युमिनियमचे गोल, फिकट ठिपके होते. कंपनीची भोकं कोणीतरी वेल्डिंगनं बुजवून, त्यांच्या शेजारी नवी पाडून, आटे मारले होते. मध्ये पितळी बुश ठोकून व्यासही बदलला होता. “हे चाक कुठल्याच कंपनीचं नाही आता. याचं सॉकेट दुकानात नाही मिळायचं.”

एकूण तीन माणसं तोंडघशी पडली, पण कोणी मिशा उतरवल्या नाहीत.

दुकानात मिळत नाही ते जुन्या बाजारात मिळतं, ही पुण्यातली एक श्रद्धा आहे. बुधवारी आणि रविवारी ती तपासून घेता येते. तिथं एका ताडपत्रीवर लोखंडी गजात ओवलेली चक्रं विकायला होती, कोणत्या गाड्यांची ते ब्रह्मदेवाला ठाऊक. जुन्या चक्राची पारख बैलाच्या बाजारात करतात तशीच करायची. दात बघून वय ओळखायचं, आणि विकणारा कितीही म्हणाला तरी आपण स्वतः वाकून बघायचं. दाताच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर जनावर तरुण. एक बाजू खोलगट झाली की उताराला लागलेलं. टोक वळलं की सोडून द्यायचं. आणि विकणारा तेच टोक वळलेलं पुढं करून म्हणतो, “एकदम ओरिजिनल, साहेब. आत्ताचा माल असा येत नाही.” यातलं शेवटचं वाक्य खरंच असतं.

एक चक्र त्यातल्या त्यात बरं मिळालं. दात चाळीसच्या आसपास, होल सहा. पण आमच्या वर्तुळात आणि त्याच्या वर्तुळात तीन मिलिमीटरचा फरक.

“तीनच ना?” ताडपत्रीवाला म्हणाला. “बसवून घ्यायचं.”

मिस्त्रींचंही तेच मत पडलं. त्यांनी खिळ्यावरची गोल कानस काढलीसुद्धा. होल आतल्या बाजूनं दीड-दीड मिलिमीटर घासून लांबट करायचे, वर जाड वायसर टाकायचे आणि आवळायचं. मी जुनं चक्र हातात घेऊन बघितलं, तर त्याचे होल असेच लांबट होते. म्हणजे आमच्याआधी कोणीतरी, बहुधा त्याच्याही आधी कोणीतरी, हेच शहाणपण करून गेलं होतं. यातली मेख अशी की लांबट होलात चकती मध्यावर राहत नाही, केसभर इकडे तिकडे सरकते. मग चाक फिरवलं की चेन एका जागी ताठ होते आणि अर्ध्या फेऱ्यावर लोंबायला लागते. ताठ जागी मोजून ताण ठेवला तर दुसरीकडे उडते, ढिल्या जागी मोजून ठेवला तर पुढच्या बेअरिंगवर ताण येतो. आमच्या ‘कडाड्’चं मूळ दात झिजण्यात होतं, आणि दात इतक्या लवकर झिजण्याचं मूळ त्या लांबट भोकांत. दात कितीही असते तरी हेच झालं असतं.

शेवटी भाच्याचा कॉलेजातला मित्र मदतीला आला. तो कोल्हापूरचा. “चाक घेऊन या,” त्यानंही तेच सांगितलं, पण पुढं जोडलं, “उद्यमनगरात करून देत्यात.”

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराबद्दल बाहेरच्यांना पुरेशी कल्पना नाही. ऑइल इंजिनांपासून पंपांपर्यंत पुष्कळ काही या गाळ्यांतून बाहेर पडलेलं आहे, आणि ‘हे मिळत नाही’ या वाक्यावर तिथं उत्तर एकच, ‘मग करूया की’. गाळा अंधारा होता, दारातच लेथ, जमिनीवर कातकामाचे चकचकीत भुगे. टर्नर पन्नाशीचे असतील. त्यांनी चाक आडवं टाकलं, व्हर्नियर लावला, एक शब्द न बोलता सगळी मापं घेतली आणि खडूनं फरशीवर चित्र काढलं. आम्ही ज्या मापांसाठी कालनिर्णय फाडला होता ती त्यांनी चहा यायच्या आत लिहून काढली.

“दात किती करायचं?”

“एकोणचाळीस,” भाचा म्हणाला आणि लगेच कारण सांगायला लागला, कड्या, विषम संख्या, म.सा.वि. टर्नर शांतपणे ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी मिलिंग मशीनवरच्या डिव्हायडिंग हेडकडे एकदा बघितलं.

“चाळीस करूया की.”

“चाळीस का?”

यामागचं कारण मला इतकं आवडलं की ते नीट सांगतो. डिव्हायडिंग हेडचं हँडल चाळीस वेळा फिरवलं की त्यावर धरलेली चकती बरोबर एकदा फिरते. यंत्राची रचनाच तशी. म्हणजे चाळीस दात पाडायचे असतील तर हिशेबच नाही. एक दात, एक फेरा. पुढचा दात, पुढचा फेरा. पण एकोणचाळीस पाहिजेत, तर प्रत्येक दाताला एक फेरा आणि वर एका फेऱ्याचा एकोणचाळिसावा भाग. तेवढा भाग मोजण्यासाठी एक वेगळी प्लेट येते, तिच्यावर एकोणचाळीस भोकांचं वर्तुळ असतं. हँडल एक फेरा फिरवून वर एक भोक पुढं न्यायचं. ती प्लेट शेजारच्या गाळेवाल्यानं नेली होती. शेजारचा गाळेवाला जोतिबाला गेला होता.

म्हणजे दातांचा आकडा अखेर भोकांनीच ठरवला.

“पण चाळीस आणि एकशे बारा यांचा म.सा.वि. आठ येतो,” भाचा अजून सोडत नव्हता.

“पावणं,” टर्नर म्हणाले, “गाडी चालवायची हाय का परीक्षा द्यायची हाय?”

मग काम सुरू झालं. ईएन-८ची प्लेट, सात मिलिमीटर जाडी. मधलं भोक लेथवर असं कातलं की चकती हबवर हातानं दाबून बसावी, ठोकावी लागू नये आणि हलूही नये. चकतीला मध्यावर धरून ठेवायचं काम या भोकाचं, बोल्टांचं नव्हे. लांबट होल करणाऱ्या सगळ्यांनी हे एकदा ऐकावं. मग हँडलचा एक फेरा, कटर आत, कटर बाहेर, परत एक फेरा. कोल्हापुरात दात पाडून घ्यायला एरवी पैसे लागत नाहीत, आमचे लागले. होल सगळ्यात शेवटी, हबवरून माप उतरवून, गोल. कानस कुठंच नाही. दातांना हार्डनिंग करून घेतलं आणि चकती वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या हातात दिली.

पुण्याला परत आल्यावर मिस्त्रींनी ती बसवली. पुढच्या चक्रापासून मागच्यापर्यंत दोरा ताणून दोन्ही एका रेषेत आहेत का बघितलं. एका वायसरची गरज पडली, ती घातली. मागचे दोन दात कमी झाल्यामुळे आस सहा-साडेसहा मिलिमीटर मागं सरकवावी लागली, कारण एका दातामागे साधारण तीन मिलिमीटर सरकावं लागतं. चेन मधोमध वरखाली इंचभर हलेल इतकी ढिली ठेवली. लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला केली. मग चाक हातानं फिरवलं, आणि चेन कुठंच ताठ नाही, कुठंच लोंबत नाही. मिस्त्रींनी परत फिरवलं. “कुणी केलं?” एवढंच विचारलं आणि गोल कानस खिळ्यावर अडकवली.

ज्या आवाजात गाडी साठनं जायची त्याच आवाजात आता त्रेसष्टनं जाते. पिकअपवाल्या पोरांना फरक कळला नाही, टॉपवाल्यांना पुरेसा वाटला नाही आणि काका अजून पस्तीसवरच आहेत. सरांना आम्ही चाळीसचं सांगितलेलं नाही. ते भेटले की भाचा “एकोणचाळीस, सर” म्हणतो आणि किक मारतो.

आता तुमच्यापैकी जे कोणी जुन्या गाड्या मॉडिफाय करतात त्यांना एक विनंती. गाडीला काय वाट्टेल ते लावा, चाक कुठलंही बसवा, होल बुजवा, नवे पाडा. पण एका कागदावर लिहून ठेवा: चाक कोणत्या गाडीचं, बोल्ट किती, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास किती, मधलं भोक किती, बुश घातला असेल तर कितीचा. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि सीटखाली टूलबॉक्समध्ये टाका, म्हणजे गाडी विकली तरी गाडीबरोबर जाईल. आणि दात लिहिले नाहीत तरी चालेल. ते कोणीही मोजू शकतं.